रोजच्या मोटारीचे टायर : टिकाऊपणा आणि पकड

गोदावरीच्या दक्षिणेस काळ्या जमिनीच्या पट्ट्यात वसलेले चकलांबा हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील एक गाव. या परिसरात 'टायर' हा शब्द उच्चारला असता अनेकांच्या डोळ्यांपुढे प्रथम मोटार उभी राहत नाही, बैलगाडी उभी राहते. दसरा-दिवाळीच्या सुमारास गावे सोडणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या टोळ्यांमध्ये, साखर कारखान्याकडून मिळणाऱ्या रबरी चाकांच्या गाडीलाच 'टायर' म्हणण्याचा प्रघात आहे. लोखंडी धावेच्या जागी हवा भरलेले रबर आले आणि त्याच बैलजोडीला अधिक ऊस ओढणे शक्य झाले. चाक आणि जमीन यांच्यामध्ये काय असावे, या प्रश्नाचे महत्त्व या भागातील श्रमिकांना कोणी नव्याने पटवून देण्याची आवश्यकता नाही.

आता त्याच रस्त्यांवर मोटारींची संख्याही वाढली आहे. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावाहून शाळेत येणारे शिक्षक, चार गावांचा कार्यभार सांभाळणारे ग्रामसेवक व तलाठी, आरोग्य कर्मचारी, पंचायत समितीच्या बैठकीस जाणारे सदस्य अशा अनेकांना मोटार ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. दोघा-चौघांनी मिळून पेट्रोलचा खर्च वाटून घ्यावा आणि रोज साठ-सत्तर किलोमीटरची ये-जा करावी, असा परिपाठ सर्वत्र दिसतो. अशी मोटार वर्षाकाठी सहज पंधरा-वीस हजार किलोमीटर धावते. तीन वर्षे होत आली की टायर बदलण्याची वेळ येते, आणि कोणते टायर घ्यावेत हा प्रश्न बहुधा दुकानात उभे राहून, दुकानदाराच्या सल्ल्याने, दहा मिनिटांत सोडविला जातो.

वस्तुतः हा निर्णय दहा मिनिटांचा नव्हे. मोटारीचा सारा भार रस्त्यावर टेकतो तो चार ठिकाणी, आणि यांतील प्रत्येक ठिकाण माणसाच्या तळहाताहून फारसे मोठे नसते. ब्रेक कितीही चांगले असले तरी ते चाक थांबवितात. मोटार थांबविण्याचे काम हे चार तळहात करतात. गेवराई तालुक्यातून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५२, खेड्यांना जोडणारे अरुंद डांबरी रस्ते, शाळेपर्यंतचा मुरमाचा तुकडा, आणि जालना किंवा छत्रपती संभाजीनगर येथून समृद्धी महामार्गावर चढल्यास ताशी १२० किलोमीटरची वेगमर्यादा असलेला काँक्रीटचा रस्ता, या सर्वांवर एकाच मोटारीच्या त्याच चार टायरांनी काम करावयाचे असते. त्यामुळे 'अधिक टिकणारा' आणि 'अधिक पकड देणारा' अशा दोन टायरांतून एक निवडताना कोणत्या गुणासाठी काय सोडावे लागते, हे ग्राहकास ठाऊक असणे अगत्याचे आहे.

रबराची तडजोड

रॉबर्ट थॉमसन याने १८४५ मध्ये हवा भरलेल्या चाकाचे एकस्व मिळविले. परंतु ती कल्पना काळाच्या पुढे होती आणि विसरली गेली. १८८८ मध्ये बेलफास्ट येथे जॉन डनलॉप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट स्वतंत्रपणे पुन्हा शोधली. त्यानंतरचा मोठा टप्पा म्हणजे रेडियल टायर. फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १९४६ मध्ये त्याचे एकस्व घेतले. जुन्या टायरांत धाग्यांचे थर तिरपे व एकमेकांस छेदणारे असत. रेडियल टायरमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि त्यांच्यावर, रस्त्यास टेकणाऱ्या भागाखाली, पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे बाजूची भिंत लवचीक राहते, तर रस्त्याला लागणारा पृष्ठभाग सपाट व स्थिर राहतो. तो कमी घसटतो, कमी तापतो, म्हणून अधिक टिकतो. अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी या मोटारींच्या जमान्यातील ५.९०-१५ किंवा ५.२०-१४ असे आकडे ज्यांच्या स्मरणात आहेत, त्यांनी तिरप्या थरांचे टायर वापरलेले आहेत. आज नव्या मोटारींवर रेडियल व तेही बहुधा ट्यूबविरहित टायरच येतात. मराठवाड्यापुरते बोलावयाचे तर छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथेच गुडइयर कंपनीच्या टायरांचे उत्पादन होते.

बांधणीचा प्रश्न अशा रीतीने सुटला, तरी रबराचा प्रश्न पूर्णपणे सुटलेला नाही. रस्त्यास लागणारे रबर मऊ असेल तर ते डांबराच्या सूक्ष्म उंचसखल भागांत शिरते आणि पकड वाढते. परंतु ते लवकर झिजते. रबर कठीण केले तर टायर दीर्घकाळ चालतो. पण ओल्या रस्त्यावर घसरण्याचा धोका वाढतो. त्यात इंधनाची बचत हा तिसरा घटक मिसळतो, कारण फिरताना सतत दबणारे व सुटणारे रबर इंजिनाची काही शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया घालविते. टिकाऊपणा, ओल्या रस्त्यावरील पकड आणि इंधनबचत या तीन टोकांच्या त्रिकोणात उत्पादकाला कोठेतरी बिंदू निश्चित करावा लागतो. काजळीच्या जोडीने सिलिका वापरण्याचे तंत्र १९९० नंतर रूढ झाले आणि तडजोड पूर्वीइतकी कठोर राहिली नाही. ती नाहीशी मात्र झाली नाही.

बाजारात 'परफॉर्मन्स' या विशेषणाने विकले जाणारे टायर या त्रिकोणाच्या पकडीच्या टोकाकडे झुकलेले असतात. त्यांचे रबर मऊ, रुंदी अधिक आणि बाजूची भिंत बुटकी असते. वळणावर ते मोटारीला घट्ट धरून ठेवतात, यात शंका नाही. पण त्यांचे खरे गुण ज्या वेगात दिसतात, त्या वेगाने उमापूरच्या रस्त्यावर कोणी जात नाही, जाऊही नये. बुटक्या भिंतीला खड्ड्याचा धक्का शोषून घेण्यास जागाच नसते. तो धक्का थेट रिमला बसतो, आणि रिमची कडा व खड्ड्याची कडा यांच्या कचाट्यात सापडून आतील धागे तुटतात. दुसऱ्या दिवशी टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा दिसतो. अशा टायरला दुरुस्ती नाही, तो बदलावाच लागतो.

खर्चाचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. समजा, एक टायर पाच हजार रुपयांना घेतला व तो चाळीस हजार किलोमीटर चालला. तर चार टायरांचा खर्च किलोमीटरमागे पन्नास पैसे येतो. दुसरा मऊ रबराचा टायर साडेसात हजारांना घेतला व तो पंचवीस हजार किलोमीटरच चालला. तर तोच खर्च एक रुपया वीस पैसे होतो. वर्षाला अठरा हजार किलोमीटर धावणाऱ्या मोटारीमागे हा फरक बारा हजार सहाशे रुपयांचा आहे. याउलट, केवळ किलोमीटर मोजून सर्वांत कठीण रबराचा, अनोळखी बनावटीचा स्वस्त टायर घेणारा ग्राहक जूनच्या पहिल्या पावसात त्याची किंमत मोजतो. तापलेल्या रस्त्यावर चार महिन्यांची धूळ, तेल आणि उसाच्या ट्रॅक्टरांनी आणलेली काळी माती साचलेली असते. पहिल्या सरीबरोबर तिचे निसरडे लेपण तयार होते. अशा वेळी पुढे अचानक म्हैस आली, तर टायर किती हजार किलोमीटर चालेल या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. म्हणून रोजच्या मोटारीसाठी मध्यम मार्गच श्रेयस्कर ठरतो : लांब प्रवासासाठी बनविलेले, ओल्या रस्त्यावर चांगली पकड असलेले, नामांकित बनावटीचे आणि मोटारीच्या मूळ मापाचे टायर.

टायरच्या अंगावरील लेख

मूळ माप म्हणजे काय, हे टायरच्या अंगावरच कोरलेले असते. उदाहरणार्थ, १८५/६५ आर १५ ८८ एच. यातील १८५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आहे. ६५ हा आकडा बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के आहे ते सांगतो. म्हणजे भिंत सुमारे १२० मिलिमीटरची झाली. 'आर' हे अक्षर रेडियल बांधणीचे आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. ८८ हा भारांक असून त्याचा अर्थ असा टायर ५६० किलोग्रॅम भार पेलू शकतो. शेवटचे 'एच' हे अक्षर ताशी २१० किलोमीटरची कमाल वेगक्षमता दर्शविते. 'एस' म्हणजे १८०, 'टी' म्हणजे १९०, 'व्ही' म्हणजे २४०. आपण त्या वेगाने जाणार नसलो, तरी हे अक्षर निरर्थक नाही. वेगक्षमता ही प्रत्यक्षात उष्णता सहन करण्याची क्षमता असते, आणि मराठवाड्याच्या मे महिन्यात तिची गरज भासते.

मापाशी खेळ करण्याचा मोह अनेकांना होतो. रुंद टायर, मोठे रिम, मोटारीचा रुबाब! या बाबतीत एक उदाहरण बोलके आहे. मारुती स्विफ्ट या मोटारीच्या स्वस्त प्रकारास १६५/८० आर १४ आणि महाग प्रकारास १८५/६५ आर १५ असे टायर आलेले आहेत. दोन्हींची मापे वरवर वेगळी दिसतात. पण हिशेब केला तर पहिल्याचा एकूण व्यास सुमारे ६२० मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६२२ मिलिमीटर भरतो. रिम वाढविताना कारखान्याने भिंत तेवढीच कमी केली आणि चाकाचा घेर जवळजवळ तोच ठेवला. घेर बदलला की वेगदर्शक काटा चुकतो, ब्रेक व गिअर यांचे गणित बिघडते, चाक वळताना चिखलरक्षकाला घासते. बदल करावयाचाच असेल, तर मोटारीच्या पुस्तिकेत किंवा चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीवर कंपनीने जी पर्यायी मापे दिली असतील, त्यांच्या बाहेर जाऊ नये. खेड्यातील रस्त्यांचा विचार करता, दोन मापे मान्य असतील तेथे लहान रिमचे व उंच भिंतीचे माप निवडणे हेच अधिक शहाणपणाचे आहे. ते स्वस्त पडते आणि खड्डेही सोसते.

भारांकाकडे मात्र जवळजवळ कोणी पाहत नाही, आणि हीच गोष्ट चिंतेची आहे. ८८ ऐवजी ८४ भारांकाचा टायर बसविला तर प्रत्येक चाकामागे ६० किलोग्रॅम, म्हणजे चार चाकांमागे २४० किलोग्रॅम भारक्षमता कमी होते. पाच प्रौढ माणसे, त्यांच्या पिशव्या आणि सणासुदीला मागे टाकलेले धान्याचे पोते एवढा भार घेऊन मे महिन्याच्या दुपारी धावणाऱ्या मोटारीत हा फरक जिवाशी येऊ शकतो. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर दुकानदाराने कितीही सवलतीत देऊ केला तरी तो नाकारावा.

याशिवाय टायरवर चार अंकांचा एक छोटा लेख असतो. पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३२४ असे कोरलेले असेल, तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर वापरले नाही तरी हवेतील प्राणवायू व ओझोन यांमुळे म्हातारे होते. दुकानात दोन-तीन वर्षे उन्हाच्या झळीत पडून असलेला टायर 'नवा' म्हणून घेणे म्हणजे त्याचे काही आयुष्य दुसऱ्यास देऊन टाकण्यासारखे आहे. शक्यतो सहा-आठ महिन्यांच्या आतील टायर मागावा आणि चारही टायरांवरील अंक स्वतः वाचावेत.

भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या टायरांवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह असणे बंधनकारक आहे. मोटारींसाठीचे मानक आयएस १५६३३ हे होय. ते चिन्ह सुरक्षिततेची किमान पातळी दाखविते. टायर किती टिकेल ते सांगत नाही. अमेरिकेतील नियमांनुसार टायरवर झिजेचा एक अंक, ओल्या रस्त्यावरील ब्रेकसाठी एए, ए, बी, सी ही श्रेणी आणि उष्णतेसाठी ए, बी, सी ही श्रेणी कोरलेली असते. आपल्याकडील काही टायरांवरही ती आढळते. झिजेचा अंक १०० या प्रमाण टायरशी तुलना करून दिलेला असतो. म्हणजे ४०० अंकाचा टायर प्रमाण टायरच्या चौपट टिकावा अशी कल्पना आहे. तथापि हा अंक उत्पादक स्वतः ठरवितो. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करण्यास तो उपयोगी पडतो, पण दोन कंपन्यांची तुलना करताना त्यावर विसंबून राहता येत नाही. युरोपातील टायरवरील पट्टीत इंधनबचत, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांची नोंद असते, टिकाऊपणाची नसते. केंद्र शासनाने २०२२ मध्ये अधिसूचित केलेले मानकही याच तीन गोष्टींविषयी आहे. म्हणजे ग्राहक जो प्रश्न सर्वप्रथम विचारतो, त्याचेच उत्तर कोणत्याही सरकारी चिन्हात मिळत नाही.

ते उत्तर मिळते नोंदवहीत. टायर बसविल्याचा दिवस, त्या वेळी मोटारीच्या मीटरवरील आकडा, आणि दर पाच हजार किलोमीटरनंतर खाचांची खोली, एवढी नोंद ठेवल्यास आपल्या रस्त्यावर कोणता टायर किती चालतो याचा असा पुरावा तयार होतो की, त्यापुढे कोणतीही जाहिरात फिकी पडावी. शासकीय वाहनांसाठी लॉगबुक असतेच. त्यात टायरचे क्रमांक व खाचांची खोली लिहिण्याची सवय लावणे कठीण नाही. रुग्णवाहिका किंवा जीप यांच्या टायरांची मागणी नोंदविताना केवळ 'टायर, नग ४' असे न लिहिता माप, भारांक, वेगाचे अक्षर आणि 'उत्पादन सहा महिन्यांच्या आतील' ही अट लिहिली, तर सर्वांत कमी दराच्या निविदेतही योग्य टायरच पदरात पडेल. अट न लिहिता कमी दर स्वीकारणाऱ्या कार्यालयाला नंतर पुरवठादारास दोष देता येत नाही.

हवा : सर्वांत स्वस्त उपाय

चांगला टायर घेऊन तो कमी हवेवर चालविणे म्हणजे चांगले बी आणून खडकावर पेरणे होय. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याच्या दोन्ही कडा झिजतात, जास्त असेल तर मधला भाग झिजतो. परंतु कमी हवेचा खरा धोका झिजेचा नसून उष्णतेचा आहे. ६२० मिलिमीटर व्यासाचे चाक ताशी १२० किलोमीटर वेगाने सेकंदाला सतरा वेळा फिरते, आणि प्रत्येक फेरीत बाजूची भिंत एकदा दबून पुन्हा सुटते. हवा कमी असल्यास ती प्रमाणाबाहेर दबते. लोखंडी तार वारंवार वाकवली की गरम होऊन तुटते, तेच येथे रबर आणि धाग्यांच्या बाबतीत घडते. उन्हाने तापलेल्या काँक्रीटवर तासभर अशी मोटार पळविली की थर सुटू लागतात आणि टायर फुटतो. दोष बहुधा रस्त्याला, उन्हाला किंवा टायरच्या कंपनीला दिला जातो. प्रत्यक्षात कारण अनेकदा तीन आठवड्यांपूर्वी न तपासलेल्या हवेत असते. समृद्धी महामार्ग सुरू झाल्यानंतर परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायरांची तपासणी हाती घेऊन झिजलेल्या टायरांची वाहने परत पाठविली, ती याच जाणिवेतून.

हवा तपासावयाची ती सकाळी, मोटार चालविण्यापूर्वी किंवा फार तर दोन-तीन किलोमीटर गेल्यावर. सकाळी २५ अंश तापमानात ३३ पौंड भरलेली हवा, टायर ५५ अंशांपर्यंत तापल्यावर सुमारे ३८ पौंड दिसते. हे स्वाभाविक आहे, आणि उत्पादकाने ते गृहीत धरलेले असते. उन्हाळ्यात 'हवा गरम होऊन फुटेल' या समजुतीने दुपारी हवा काढून टाकण्याची पद्धत पुष्कळ ठिकाणी रूढ आहे. ती अत्यंत चुकीची होय. अशा टायरमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी २८ पौंडच हवा उरते आणि तो पुढे अधिकच तापतो. नायट्रोजन भरण्याचा आग्रह काही दुकानांत धरला जातो. त्यात अपाय नाही, पण साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो. पंधरा दिवसांतून एकदा पेट्रोलपंपावर मोफत मिळणारी साधी हवा तपासून घेणाऱ्यास नायट्रोजनवाचून काही अडत नाही. मोटार पूर्ण भरलेली असताना मागील चाकांत किती हवा हवी, हा वेगळा आकडा त्याच दरवाजाच्या पट्टीवर असतो. लग्नसराईत तो जरूर पाहावा.

हवेच्या खालोखाल चाकांची दिशा, म्हणजेच अलाइनमेंट. एका मोठ्या खड्ड्याने ती बिघडू शकते. बिघडलेले चाक सरळ न फिरता किंचित तिरपे फरफटत जाते, आणि चाळीस हजार किलोमीटरचा टायर पंधरा हजारांत संपतो. ओळखण्याची खूण सोपी आहे : टायरवर आडवा हात फिरवावा, एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीच्या दातांसारखे लागल्यास दिशा बिघडली असे समजावे. बहुतेक लहान मोटारींत इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना मिळते. तीच वळतात आणि ब्रेकचा मोठा भारही तीच घेतात. त्यामुळे पुढचे टायर लवकर झिजतात. दर आठ-दहा हजार किलोमीटरला पुढची चाके मागे व मागची पुढे केल्यास चारही समान झिजतात. दोनच नवे टायर घ्यावयाचे झाल्यास ते मागे बसवावेत. हे अनेकांना उलटे वाटते. परंतु ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर मोटार सरळ जाऊ पाहते आणि चालक वेग कमी करून तिला सावरू शकतो. मागची चाके घसरली तर मोटार गर्रकन फिरते, आणि तिला सावरणे सामान्य चालकाच्या आवाक्यात नसते.

पंक्चरांचे म्हणाल, तर या भागात बाभळीचे काटे आणि हंगामात रस्त्यावर पडणारे बैलांच्या पत्र्यांचे खिळे यांपासून पूर्ण सुटका नाही. ट्यूबविरहित टायरमध्ये खिळा रुतला तरी हवा हळूहळू जाते, हा मोठाच लाभ आहे. मधल्या भागातील लहान छिद्र व्यवस्थित दुरुस्त होते. बाजूच्या भिंतीवरील छिद्रास दोरी भरून वेळ मारून नेऊ नये.

कधी बदलावा?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार मोटारीच्या टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरहून कमी असता कामा नये. दुचाकी व तीनचाकी वाहनांसाठी ही मर्यादा ०.८ मिलिमीटर आहे. नव्या टायरमध्ये ही खोली सात-आठ मिलिमीटर असते. मोजण्यासाठी उपकरण नसले तरी चालते. टायरच्या खांद्यावर एक लहान त्रिकोण किंवा टीडब्ल्यूआय ही अक्षरे असतात. त्या रेषेत खाचेच्या तळाशी रबराची छोटी आडवी पट्टी दिसते. वरचा पृष्ठभाग झिजून त्या पट्टीच्या बरोबरीस आला की टायरचे आयुष्य कायद्याने संपले. पण कायद्याची मर्यादा ही शेवटची पायरी असते. खाचांचे काम पाणी बाजूला सारणे हे आहे. त्या उथळ झाल्या की वेगात टायर पाण्यावर तरंगू लागतो, आणि सुकाणू व ब्रेक दोन्ही निरुपयोगी होतात. कोरड्या डिसेंबरात जो टायर निभावून जातो तोच जुलैत निभावत नाही. म्हणून मे अखेरीस खाचा तीन मिलिमीटरच्या आसपास आल्या असतील, तर 'दिवाळीपर्यंत चालतील' असा विचार न करता पावसाळ्यापूर्वीच टायर बदलावेत.

झिजलेल्या टायरवर धारदार हत्याराने नव्याने खाचा कोरून ते विकण्याचा प्रकार काही ठिकाणी चालतो. दिसावयास असे टायर नव्यासारखे दिसतात. प्रत्यक्षात पोलादी पट्ट्यावर जे थोडे रबर उरलेले असते तेच कोरून काढलेले असते. मोटारीला असे टायर कधीही लावू नयेत. अवजड वाहनांची गोष्ट निराळी आहे. त्यांचे टायर पुन्हा रबर चढविण्यासाठीच बनविलेले असतात, आणि राज्य मार्ग परिवहन महामंडळ आपल्या केंद्रांत ते काम शास्त्रीय पद्धतीने करीत आले आहे. एस.टी.च्या टायरवर रबर चढते म्हणून आपल्या मोटारीच्या टायरवरही चढावे, हा तर्क टिकत नाही.

शेवटी स्टेपनी. वेल्समधील लानेली गावच्या स्टेपनी रस्त्यावर १९०४ मध्ये जादा चाके तयार करणारी कंपनी निघाली. विलायतेत ते नाव मागे पडले, आपल्याकडे मात्र चाकाला कायमचे चिकटले. रोजच्या मोटारीचे चार टायर झिजून जातात, पण पाचवा डिक्कीत पडून वयाने संपतो. पाच वर्षांनंतर त्याची दरवर्षी तपासणी करावी. बाजूला बारीक भेगा दिसल्यास किंवा दहा वर्षे झाल्यास वरून नवा दिसत असला तरी तो बदलावा. हवा तपासताना स्टेपनीचीही तपासावी. रात्रीच्या वेळी शेवगावच्या रस्त्यावर चाक काढल्यानंतर स्टेपनीही बसलेली आहे, हे कळून उपयोग नसतो.

काढलेल्या जुन्या टायरांचा प्रश्न ग्रामपंचायतींच्या कक्षेत येतो. घराच्या पत्र्यावर किंवा पंक्चरच्या दुकानामागे पडलेल्या टायरांत पावसाचे पाणी साचते आणि त्यात डेंग्यू पसरविणाऱ्या डासांची पैदास होते. थंडीत शेकोटीसाठी टायर जाळल्यास त्याचा काळा धूर विषारी असतो. जुने टायर नवे घेतानाच दुकानदाराकडे परत द्यावेत; गावात जे राहतील ते पावसाळ्यापूर्वी आडोशाला, कोरड्या जागी रचून ठेवावेत किंवा पाणी साचू नये म्हणून त्यांना खालून भोके पाडावीत.